आतली इमारत

मुंबईत जुन्या इमारतींचा बाहेरचा चेहरा सांभाळायची व्यवस्था आहे. १९९५ साली हेरिटेज नियमावली आली. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आता तिथली एखादी खिडकी बदलायची म्हटली तरी समितीपुढे नकाशे ठेवावे लागतात. आत मात्र, पहिल्या श्रेणीतल्या मोजक्या वास्तू सोडल्या तर, काय तोडलं आणि काय बसवलं याकडे कुणी फारसं बघत नाही. दहा वर्षं एक कंपनी बसते, ती गेली की दुसरी येते, आणि पहिलीचा मागमूस डेब्रिजच्या गोण्यांतून खाली उतरतो.

मी त्या आतल्या भागाचा माणूस. गिरगावात वाढलो, सुताराचा मुलगा, आणि पुढे ऑफिस इंटिरियरचा ठेकेदार झालो. रिकाम्या मजल्याचं चालतं ऑफिस करून द्यायचं, हा माझा धंदा. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. साहेब म्हणतो, मला समुद्राकडची केबिन पाहिजे. आर्किटेक्ट म्हणतो, रिसेप्शन इथेच शोभेल. दोघांचंही ऐकून घ्यायचं आणि मग बघायचं, की हवा कुठून येते आणि तार कुठून येते. ऑफिस शेवटी त्या दोघींच्या मर्जीनं लागतं. मुंबईच्या ऑफिसांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मला तरी हवा आणि तार यांचाच इतिहास वाटतो.

त्याआधी जी पेढी होती तिला दोन्हींची फारशी गरज नव्हती. काळबादेवीला, मुळजी जेठा मार्केटात ती अजून बघायला मिळते. पांढरी गादी, तक्के, मुनीमजींपुढे उतरत्या फळीचं बैठं मेज, मागे तिजोरी, वर देवांच्या तसबिरी. सगळं एका सकाळी मांडून होतं. पेढी थाटायला सुतार लागतो तो मेजापुरता. उजेड दारातून येतो म्हणून मुनीम दाराजवळ, आणि येणारा-जाणारा दिसावा म्हणून शेठ दाराकडे तोंड करून. भिंती नाहीत, केबिन नाही. गुपित बोलायचं तर आवाज खाली आणायचा.

ऑफिस नावाची वेगळी जात मुंबईत वाढली ती कापसाच्या पैशावर. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचे तट पाडले गेले. बॉम्बे ग्रीनच्या मोकळ्या जागेभोवती एल्फिन्स्टन सर्कल उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर त्याचं हॉर्निमन सर्कल झालं. १८६५ मध्ये शेअरचा फुगा फुटला, कित्येक बँका बुडाल्या, पण इमारती राहिल्या.

त्या काळच्या इमारती हवेसाठी बांधलेल्या आहेत, हे आत काम केल्याशिवाय समजत नाही. चौदा-सोळा फुटांची छतं, ऊन-पाऊस अडवायला बाहेरून व्हरांडा, दारांच्या वर उघडणारे झरोके. आतली पार्टिशनं सागाची, पण माणसाच्या उंचीपेक्षा जेमतेम वर, अर्धी लाकूड आणि अर्धी दुधी काच. पूर्ण उंचीची भिंत घातली की पश्चिमेचा वारा अडला, आणि मागे बसलेले कारकून घामानं वह्या भिजवणार. म्हणजे साहेबाच्या केबिनलाही वरून छत नव्हतं, त्याचं बोलणं हॉलभर ऐकू जाई. डोक्यावर कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि व्हरांड्यात बसून ती ओढणारा माणूस. फोर्टातल्या एका कामात प्लास्टर खरवडताना मला तशी बुजवलेली भोकं सापडली, एका ओळीत, सारख्या अंतरावर. पंखे कुठे होते, म्हणजे टेबलं कुठे होती, ते त्या ओळीवरून नकाशासारखं कळत होतं. दोन दिवसांनी आम्हीच त्यावर जिप्समची भिंत चढवली.

मग तार आली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी १९०५ सालची, आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ऑफिसात दिवा आणि पंखा आला तसं खिडकीपासून लांबचं टेबलही कामाचं झालं, आणि काम उजेडाबरोबर संपेनासं झालं. गंमत म्हणजे विजेनं सुताराचं काम वाढवलं. तेव्हा वायर भिंतीवरून लाकडी पट्टीतून नेत. खाली दोन खाचांची सागवानी पट्टी, तिच्यात वायरी, वरून झाकणपट्टी. आम्ही त्याला केसिंग-केपिंग म्हणतो. वळणावर दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस अंशांत जुळल्या पाहिजेत, नाहीतर सांध्यातून वायर दिसते. वायरमन थांबे आणि सुतार पुढे चाले.

याच सुमारास अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. जमीन पोर्ट ट्रस्टची, आणि इमारतींच्या दर्शनी भागांना एकसारखं वळण लावणारे जॉर्ज विटेट. फोर्टातल्या इमारती बहुतेक ज्याच्या त्याच्या होत्या. इथे मात्र जहाज कंपन्या आणि विमा कंपन्या शेजारी शेजारी, शिस्तीत उभ्या राहिल्या. टाटांचं बॉम्बे हाउसही विटेट यांचंच, १९२४ सालचं. २०१८ मध्ये ते काही महिने पूर्ण रिकामं करून आतून नवं केलं, आणि वर्षानुवर्षं त्याच्या लॉबीत झोपणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आत वेगळी खोली केली. आमच्या धंद्यात जुन्या रहिवाशांची सोय लावली, असं फार कमी वेळा होतं.

माझे वडील सावंतवाडीकडून मुंबईला आले ते पन्नासच्या दशकात, हत्यारांची पेटी घेऊन. रंधे तीन, पटाश्या, गुण्या, गिरमिट, आणि गावच्या लोहारानं केलेला वाकस. तेव्हाचं ऑफिसचं काम म्हणजे अस्सल सागाचं. साग लाकडी बंदराच्या वखारीतून यायचा, हातकरवतीनं कापायचा, आणि सरसानं चिकटवायचा. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद. तो खड्यासारखा मिळे. रात्री भिजत घालायचा, सकाळी डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्यात ठेवायचा. वास असा, की फोर्टातल्या एखाद्या सोवळ्या शेठच्या ऑफिसात काम असलं की वडील स्टोव्ह गच्चीत मांडत आणि पोऱ्या डबा घेऊन जिन्यानं धावे. सरस निवायच्या आत सांधा बसला पाहिजे. पावसाळ्यात तो वाळायचा नाही, म्हणून जूनपासून नवी कामं कुणी घेत नसे. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि हा सगळा खेळ संपला. थंड, पांढरा, बिनवासाचा, डब्यातून काढून थेट लावायचा. त्याच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात. आमच्या घरात मात्र फेव्हिकॉलनं पावसाळ्याचे चार महिने कामाचे केले, हे जास्त महत्त्वाचं.

फेव्हिकॉलच्या जोडीनं प्लायवूड आणि सनमायका आले. प्लायवूडचे कारखाने आसामात चहाच्या खोक्यांसाठी वाढले होते, तिथून ते टेबलांत आणि पार्टिशनांत शिरलं. सागाची फळी फुगते, आकसते, तिला ओळखावं लागतं. आठ बाय चारचा प्लाय कसलेही नखरे करत नाही. रंधा मागे पडला, टेप आणि करवत पुढे आली. पुढे १९९६ च्या डिसेंबरात जंगलतोडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, ईशान्येतले लाकडाचे कारखाने बंद पडले आणि आमचा प्लाय हरियाणाच्या यमुनानगरहून, पॉपलरच्या लाकडाचा येऊ लागला. दिल्लीतला निकाल आम्हाला गिरगावात स्क्रू मारताना जाणवला. पॉपलर मऊ, बिजागरीचा स्क्रू दुसऱ्यांदा फिरवला की भोक मोठं. तेव्हापासून दाराच्या कडेला हार्डवूडची पट्टी घालायची सवय लागली.

वडिलांच्या काळात एक गोष्ट मात्र हलत नव्हती: भाडेकरू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं गोठवलं. फोर्टात जागा मिळाली त्यानं ती सोडली नाही, आणि ज्याला हवी त्यानं पागडी मोजली. कंपनी वाढली की जागा वाढत नव्हती, मग तीच जागा चिरायची. सोळा फुटांच्या छताखाली पोटमाळा घालायचा, खाली सहा कारकून, वर सहा, वरच्यांना मान वाकवून चालायचं. व्हरांडा काचेनं बंद करून त्याची केबिन करायची. ज्या हवेसाठी इमारत बांधली होती ती हवा अशी इंच इंच विकली गेली. याचं टोक बघायचं तर काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा इथे आणून जोडलेला. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. हॉटेल बंद पडल्यावर त्याच्या खोल्या चिरून, परत चिरून घरं आणि वकिलांची ऑफिसं झाली, कारण कोर्ट शेजारीच. लाकडी पार्टिशनं, त्यावर माळे, माळ्यांवर फायली. २०१९ मध्ये ती इमारत धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

नव्या जागेची भूक भागवायला समुद्र बुजवला. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंट उभा राहिला: जोसेफ स्टाइन यांचं एक्सप्रेस टॉवर्स, १९७४ सालची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत, मग मेकर, मित्तल, दलामल. मी वडिलांबरोबर कामावर जायला लागलो तो याच सुमारास. इथे धंदा बदलला तो एअर कंडिशनिंगमुळे. फोर्टात खिडकीतला एसी होता, तो साहेबापुरता. इथे पूर्ण मजल्याला थंड हवा पत्र्याच्या डक्टमधून द्यायची. खिडकी उघडायची गरज संपली, म्हणून खिडकी साहेबाची झाली आणि बाकीचे मजल्याच्या पोटात गेले. पार्टिशन छतापर्यंत गेलं, केबिनचं बोलणं केबिनमध्ये राहू लागलं. शंभर वर्षं हवेनं ऑफिस उघडं ठेवलं होतं, एसीनं ते बंद केलं.

आणि मग फॉल्स सीलिंग आलं. त्याच्यामागचा हिशोब सांगतो, कारण आमचं सगळं कसब त्या हिशोबात आहे. समजा स्लॅबपासून स्लॅबपर्यंत बारा फूट. त्यातून बीमचे दोन फूट गेले. बीमखालून डक्ट, त्याला एक फूट आणि वर इन्सुलेशन. डक्टखाली किंवा बाजूनं स्प्रिंकलरचा पाइप, त्याला उतार. मग केबल ट्रे, आणि पॉवरची तार डेटाच्या तारेला चिकटून न्यायची नाही म्हणून ट्रे दोन. मग दिव्याचा डबा. सगळं बसवून खाली साडेआठ फूट राहिले तर नशीब. वरच्या दीड-दोन फुटांसाठी एसीवाला, फायरवाला, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांची रोज भांडणं. एसीवाला म्हणतो, मी आधी आलो. फायरवाला म्हणतो, माझा उतार बदलता येत नाही. शेवटी ठेकेदार शिडीवर चढतो आणि सांगतो, डक्ट दोन इंच चपटा कर, रुंदी वाढव. गिऱ्हाईक उद्घाटनाला येतं, वर बघतं आणि पांढरं सपाट छत बघून म्हणतं, साधंच आहे की.

रिकाम्या मजल्यावरचा पहिला दिवस याहून मोलाचा. बिल्डर मजला देतो तो बेअर शेल: उघडा स्लॅब, खांब, खिडक्या, एका कोपऱ्यात पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, इलेक्ट्रिकच्या डक्टमध्ये मीटरची जागा. सिमेंटची धूळ, पारव्यांची पिसं, आणि आवाज घुमतो. आधी एक पारदर्शक नळी पाण्यानं भरायची, तिच्यातला बुडबुडा काढायचा, आणि एका खांबावर जमिनीपासून एक मीटरवर खूण करून तीच पातळी नळीनं प्रत्येक खांबावर न्यायची. आता लेझर आलाय, पण जुने मिस्त्री अजून नळीनं तपासतात. मग कळतं की स्लॅब एका टोकाला दीड इंच खाली आहे. मग निळीत बुडवलेली सुताची दोरी दोघांनी ताणून धरायची, तिसऱ्यानं मधे उचलून सोडायची. फट्ट. जमिनीवर सरळ निळी रेघ. अशी रेघ रेघ मारत पूर्ण ऑफिस जमिनीवर उमटतं: केबिन, पँट्री, सर्व्हर, कॉन्फरन्स. गिऱ्हाइकाला त्या दिवशी बोलवायचं आणि रेघांमधून चालवायचं. कागदावर आठ बाय दहाची केबिन मोठी वाटते, रेघेत उभं राहिलं की कळतं खुर्ची मागे सरकणार नाही. त्या दिवशी रेघ पुसायला फडकं पुरतं. भिंत उभी राहिल्यावर बदल सांगितला की त्याचं वेगळं बिल लागतं, आणि भांडणही.

हवेनंतर पुन्हा तारेची पाळी आली. ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येऊ लागले. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, आणि युनियनचा विरोध त्याच्याही आधीपासूनचा. कॉम्प्युटरला वेगळी खोली, तिला ईडीपी रूम म्हणत. आत गारठा, जमिनीवर फूटभर उंचीची दुसरी जमीन, तिच्या पोटात तारा. बाहेर चपलांचा स्टँड. मॅनेजर कॅन्टीनमध्ये घामाघूम बसे, मशीन मात्र थंडीत. ऑफिसात माणसापेक्षा यंत्राच्या हवेचा विचार आधी करायला आम्ही तिथे शिकलो.

नव्वदीत हे यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर आलं. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार स्क्रीनवर सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी दलाल स्ट्रीटच्या बाजारातली आरडाओरडही थांबली. फोर्टातल्या छोट्या दलालांच्या गच्चीवर सॅटेलाइटच्या तबकड्या उगवल्या. गच्चीवरून तार चार मजले खाली, जुन्या जिन्याच्या कठड्यालगत, दलालाच्या टेबलापर्यंत. त्या दिवसांत आम्ही जितका पीव्हीसी पाइप वापरला तितका आधी कधी वापरला नव्हता.

टेबलाचा आकारही कॉम्प्युटरच्याच पेटीनं ठरवला. जुन्या कारकुनाचं टेबल चार बाय अडीच, समोरासमोर ओळीत. कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर मागे इतका खोल, की अडीच फुटांत तो आणि कीबोर्ड मिळून बसेना. मग तो कोपऱ्यात सारला आणि एलच्या आकाराचं वर्कस्टेशन जन्माला आलं, भोवती छातीएवढी कापडी भिंत, चार माणसांचा एक गठ्ठा. लोकांना वाटलं, हा अमेरिकन विचार आहे. विचार असेलही, पण कोपरा लागला तो मॉनिटरमधल्या काचेच्या नळीला. चपटा स्क्रीन आला आणि कोपरा गेला. आता चार बाय दोनची सरळ पट्टी, मधे तारांची नाली, दोन्ही बाजूंना माणसं. शंभर चौरस फुटांत जिथे एक माणूस बसे तिथे साठात बसू लागला. त्याबरोबर माणसांचा आणि मशिनांचा उष्मा वाढला आणि एसीवाले दीडशे फुटांना एक टन हा जुना आकडा खाली आणू लागले. डक्ट परत जाड झाला, आणि वरची भांडणं परत सुरू झाली.

त्या सुमारास जागाही मोकळ्या झाल्या, दोन वेगळ्या कारणांनी. १९९९ चा महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा आला आणि एक कोटीच्या वर भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं गेलं. ज्या बँका आणि परदेशी कंपन्या फोर्टात चहाच्या भावात बसल्या होत्या त्यांना बाजारभाव द्यावा लागणार होता. वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, मिठीच्या खाजणावर एमएमआरडीएनं आखलेले प्लॉट त्यांची वाट बघत होतेच. दुसरं कारण परळचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि बरेच जण परत आत गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची एक वाटणी होती, २००१ मध्ये ती बदलली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या बदलावर शिक्का मारला. तोवर लोअर परळमध्ये जाहिरातवाले, टीव्हीवाले, कॉल सेंटरवाले येऊन बसले होते.

गिरणीच्या शेडमध्ये ऑफिस लावणं हा वेगळाच अनुभव. मागाचं वजन आणि हादरा सोसायला बांधलेली जमीन, ओतीव लोखंडी खांब, आणि करवतीच्या दातांसारखं छप्पर. त्या प्रत्येक दातातून उत्तरेचा उजेड आत येतो, थेट ऊन येत नाही, म्हणजे सूत तपासायला योग्य. आम्हाला त्यावर काळा रंग मारायला सांगत, कारण स्क्रीनवर उजेडाची चमक येते. माझ्या लालबागच्या सासरी दोन मामा गिरणीत होते. त्यातले एक मला म्हणाले, "जावईबापू, आम्ही उजेडासाठी भांडायचो, तुम्ही तोच बुजवताय." त्यांना मी काय सांगणार? बिल तर पास व्हायचं होतं.

कामगारही तोवर बदलले होते. कोकणी सुतार कमी झाले. मुलं शिकून बँकेत, पोर्टात लागली, माझे दोन भाऊ त्यातलेच. त्यांच्या जागी राजस्थानचे जांगिड आणि सुथार आले, पीओपीला बंगालचे, रंगाला उत्तर प्रदेशचे. साइटवर मराठी बोलणारे दोघेच उरले: मी आणि इमारतीचा सिक्युरिटी. पण माप फुटांतच राहिलं आणि सुताच्या मापाला सूतच म्हणत राहिले.

हवा आणि तार यांचा हट्ट पुरवताना पाणी आणि आग यांचा विचार मागे पडला, याची किंमत शहरानं दिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीकाठच्या इमारतींच्या तळघरांत जनरेटर, बॅटऱ्या आणि पॅनेल्स होती, कारण वरची जागा महाग. तळघर भरलं आणि वरच्या मजल्यांवरची कोरडी ऑफिसं आठवडाभर अंधारात बसली. त्यानंतर पॅनेल वर चढली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्याला आग लागली आणि वर पसरत गेली. १९५५ ची ती इमारत, तिच्यातही काळाप्रमाणे लाकडी पार्टिशनं, फॉल्स सीलिंग, आणि कागद. ज्या पोकळीतून आम्ही हवा आणि तारा नेतो, तिच्यातूनच धूरही जातो. आग खाली दिसायच्या आत वरून तीन केबिन पुढे गेलेली असते. राज्याचा आगीचा कायदा २००६ चा, दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी भरावा लागतो. कागद भरला जातो. शाफ्टमधल्या केबलभोवतीचं भोक फायर सीलंटनं बुजवलंय का, हे बघायला मात्र शिडी लागते, आणि शिडीवर चढणारे थोडे. मी एवढंच म्हणेन, की बिलात पहिली कात्री याच ओळीला लागते, कारण ती ओळ उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

२०२० च्या मार्चनंतर मजलेच्या मजले रिकामे झाले. भाडेकरारात एक कलम असतं: जागा जशी घेतली तशी परत द्यायची. म्हणजे सीलिंग, डक्ट, पार्टिशन, कार्पेट, सगळं उतरवून परत उघडा स्लॅब. त्या वर्षी माझ्याकडे लावायची कामं नव्हती, तोडायची होती. ज्यांच्या रेघा मी मारल्या होत्या अशी काही त्यात होती. उतरवलेला माल जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातो. बीकेसीतल्या बँकेची खुर्ची डोंबिवलीच्या क्लासमध्ये, कॉन्फरन्सचं टेबल भिवंडीच्या गोदामात. तांबं वजनावर, पत्रा वजनावर, जिप्सम फुकट. २०२३ मध्ये राज्य सरकारनं एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं. तिथेही कुणीतरी जुनी सीलिंग उतरवेल आणि मंत्रालयाच्या खात्यांसाठी नव्या रेघा मारेल.

माझी तक्रार तोडण्याबद्दल नाही. भाडेकरू बदलला की आतली इमारत बदलणारच, आमचं पोटही त्यावरच आहे. पण इमारतीचे नकाशे महापालिकेत असतात, आतल्या ऑफिसचे कुठेच नसतात. काम संपल्यावर आम्ही ॲज-बिल्ट ड्रॉइंग देतो: प्रत्यक्ष काय, कुठून, किती उंचीवरून नेलं ते. गिऱ्हाईक ते कपाटात ठेवतं आणि जाताना कपाटासकट विकतं. कारकून खिडकीपासून किती लांब बसले, केबिनला छत कधी आलं, एका माणसाला किती फूट जागा मिळाली, मशीनला किती, हे सगळं त्या कागदांवर फुटा-इंचांत लिहिलेलं आहे. या शहरात लोकांनी काम कसं केलं याचा तो पुरावा आहे, आणि दर्शनी कमानींत तो सापडत नाही.

माझ्या माळ्यावर अमोनिया प्रिंटच्या गुंडाळ्या आहेत, सत्तरच्या दशकापासूनच्या. निळा रंग उडत चाललाय, काही कडेनं वाळवीनं खाल्ल्या. माझ्यासारखे ठेकेदार, ड्राफ्ट्समन, एसीवाले या शहरात शेकड्यांनी असतील, आणि बहुतेकांची मुलं धंद्यात नाहीत. आर्किटेक्चरच्या एखाद्या कॉलेजनं दोन विद्यार्थी आणि एक स्कॅनर वर्षभरासाठी दिला तर बरंच वाचेल. माझ्या गुंडाळ्या मी आजच द्यायला तयार आहे. फक्त त्यांनी यायच्या आधी फोन करावा, म्हणजे शिडी काढून ठेवतो.